कोरड्या मुलखातला पाणीमहाल

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सहल कंपन्यांच्या जाहिरातींत राजस्थान सर्वांत वर असते. सोनेरी वाळू, मेहरानगडाचे तट, रंगीत साफे, उंट, राजपुतांच्या शौर्यकथा असा तो ठरलेला ऐवज. त्याला नावे ठेवायचे काही कारण नाही. पण कोरड्या मुलखातले राजवैभव आणि लढवय्यांची भूमी हेच पाहायचे असेल, तर सोलापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरचा, धाराशिव जिल्ह्यातला नळदुर्ग आधी पाहावा, असे माझे ठाम मत आहे. अशा मुलखात राजाची खरी ऐपत तो पाण्याशी किती धीटपणे वागला यावरून कळते, आणि या कसोटीला नळदुर्गचा पाणीमहाल कोणत्याही रजवाड्याच्या तोडीस तोड उतरतो.

धाराशिव म्हणजे वाळवंट नव्हे, हा पहिला आक्षेप रास्त आहे. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. इथली सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास जाते. पण सरासरीवर शेत पिकत नाही. जिल्हा पर्जन्यछायेत, बालाघाटाच्या पठारावर बसलेला. खाली काळा पाषाण. एका वर्षी ओढे फुटतात आणि दुसऱ्या वर्षी गावोगाव टँकर फिरतात. त्यातही हा पाणलोटाचा माथा: मांजरा आणि तेरणा गोदावरीकडे निघून जातात, सीना आणि बोरी भीमेकडे. पडलेले पाणी इथे थांबायला तयार नसते. ते जिथे अडवता येईल तिथे अडवायचे, हे इथल्या राज्यकर्त्यांपुढचे कोडे जैसलमेरच्या रावळांपुढच्या कोड्याहून फार निराळे नव्हते.

नळदुर्गचा राजकीय इतिहास थोडक्यात आटोपतो. कल्याणीचे चालुक्य, बहामनी, मग विजापूरची आदिलशाही, औरंगजेबाच्या काळात मोगल आणि शेवटी निजाम. खरी गोष्ट धरणाची आहे. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्यामधून वाहणाऱ्या बोरीवर भक्कम दगडी बंधारा घातलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या राजवटीत, १६१३ साली, मीर इमादीन याने तो बांधला. या एका भिंतीने पाणी साठले, किल्ल्याला जलवेढा मिळाला आणि दोन किल्ल्यांमध्ये ये-जा करायला वाटही झाली. कोणताही हिशेबी कारभारी इथे थांबला असता. इमादीनने मात्र भिंतीच्या पोटात महाल काढला. नदीला पूर आला की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांतून पाणी खाली कोसळते, आतल्या दालनाच्या गवाक्षांपुढे पाण्याचा पडदा उभा राहतो आणि आतला माणूस कोरडा! उदयपूरच्या पिछोला तलावातला जगनिवास यानंतर सुमारे १३० वर्षांनी झाला, आणि तो पाण्याच्या मधोमध आहे. नळदुर्गचे दालन पाणी अडवणाऱ्या भिंतीतच आहे. हा फरक लहान नाही. असे धरण पाण्याचा दाब स्वतःच्या वजनाने पेलते. तिथेच पोकळी ठेवायची, पाझर थोपवायचा आणि पुराचा लोंढा दालनाला टाळून फेकायचा, हे काम आजही कोणतेही बांधकाम खाते सहजासहजी मंजूर करणार नाही. चारशे वर्षे झाली, भिंत उभी आहे. इब्राहिम हा ‘किताब-ए-नवरस’ रचणारा, गाण्यात रमणारा सुलतान. पाण्याचा आवाज ऐकत बसायला धरणात खोली हवी असे त्याच्या मनात आले असेल, तर मला नवल वाटत नाही.

हा झाला विलास, यात वीरश्री कुठे, असे कोणी म्हणेल. त्याने पाणीमहालावरून नजर उचलून उपळी बुरुजाकडे पाहावे. तिथे हत्ती आणि मगर नावाच्या तोफा आहेत. जिल्ह्याच्या पश्चिमेला परंड्याचा भुईकोट आहे. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली आणि सुमारे ५५ टनांची म्हणून सांगितली जाणारी ‘मलिक-ए-मैदान’ तोफ याच परंड्याहून १६३२ मध्ये विजापूरला नेली. इतके धूड ओढून नेण्याइतकी तिची किंमत होती. आणि लढाईची परंपरा सतराव्या शतकात संपली असेही नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून हैदराबाद संस्थानात शिरले तेव्हा पहिली चकमक नळदुर्गलाच झडली. बोरीवरचा पूल शाबूत हाती लागला, म्हणून पुढची वाट मोकळी झाली. त्या दिवशीही निर्णायक ठरली ती ही नदीच.

मग एवढे असून नाव राजस्थानचेच का? माझ्या मते कारण मालकीचे आहे. तिकडच्या राजांनी विलीनीकरणावर सह्या केल्या, वाडे मात्र त्यांच्याकडे राहिले. जगनिवास हॉटेल झाला, जोधपूरच्या उमेदभवनात राजघराणे अजून राहते. नळदुर्गला असा कोणी वारस उरला नाही. राजपुतांना जेम्स टॉड भेटला आणि १८२९ पासून त्याच्या ग्रंथाने त्यांच्या कथा जगभर नेल्या. इथेही एक गोरा कर्नल होता. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केल्यावर मेडोज टेलर नळदुर्गला कारभार पाहत होता. १८६३ मध्ये त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, तुळजापूरची नायिका घेऊन. पण तिच्यासाठी कोणी तुळजापूरला आले नाही; लोक भवानीसाठी येतात. रंग हवा असेल तर तोही तिथेच आहे, कुंकवाने माखलेल्या कपाळांत, कवड्यांच्या माळांत, पेटत्या पोतात आणि गोंधळ्याच्या संबळावर. तो पर्यटकासाठी मांडलेला नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी ठरल्या वेळी सुरूही होत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे: बोरी धरण भरून पाणी सांडल्याशिवाय नर-मादी कोसळत नाहीत, आणि दुष्काळी वर्षी तर कोरडी भिंतच पाहावी लागते. पण सांडवे वाहत असताना डोळे पाण्यावरच खिळतात. भिंतीची जाडी, दगडांचे सांधे, दालनाची जागा हे सारे नीट दिसते ते पाणी नसताना. पहिल्या भेटीला मी तरी उन्हाळाच सुचवीन, सकाळी लवकर.