प्रसूती मिडवाइफच्या हाती की रुग्णालयात : निवड नेमकी कशाची?

नवी दिल्ली : बाळंतपण सुईणीच्या हाती करावे की रुग्णालयात, हा प्रश्न आकडेवारीपुरता तरी मिटलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्या. मात्र त्याच सर्वेक्षणात खासगी संस्थांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्याची नोंद आहे. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के आहे. त्यामुळे रुग्णालयात पोहोचल्यावर प्रसूती कोणाच्या देखरेखीखाली व्हावी, हा नवा प्रश्न उभा राहिला आहे.

येथे शब्दांचा घोळ आधी दूर करावा लागेल. पारंपरिक सुईण किंवा दाई अनुभवातून शिकलेली असते. मिडवाइफ ही नोंदणीकृत, प्रशिक्षित व्यावसायिक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुभवी परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन हे नवे मनुष्यबळ घडवायचे आहे. सिझेरियनचे प्रमाण ६० टक्क्यांवर गेलेल्या तेलंगणाने २०१७ मध्येच असे प्रशिक्षण सुरू केले होते. या मिडवाइफ घरी नव्हे, तर अधिक प्रसूती होणाऱ्या सरकारी रुग्णालयांना जोडलेल्या स्वतंत्र कक्षांत काम करतील, अशी ही योजना आहे. म्हणजेच सरकारी धोरणात ‘मिडवाइफ की रुग्णालय’ असा पर्याय मुळात नाहीच.

अशा कक्षात कळा सुरू झालेल्या स्त्रीला चालता-फिरता येते, सोयीची स्थिती निवडता येते. सरसकट छेद दिला जात नाही आणि कळा वाढविण्याचे औषध गरजेखेरीज वापरले जात नाही. आधीचे सिझेरियन, उच्च रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, जुळी किंवा आडवी बाळे यांपैकी काही असल्यास मात्र प्रसूतितज्ज्ञांकडेच जाणे आवश्यक ठरते. अन्य गर्भवतींच्या बाबतीतही कळांच्या दरम्यान धोका दिसताच मिडवाइफने डॉक्टरांना पाचारण करणे अपेक्षित असते.

घरी प्रसूती करण्याचा धोका नेमका या शेवटच्या टप्प्यावर आहे. वार पडल्यानंतर होणारा अतिरक्तस्राव पूर्णपणे निरोगी स्त्रीलाही होऊ शकतो, त्याचा अंदाज आधी नेहमीच बांधता येत नाही आणि तो काही तासांत जीव घेऊ शकतो. रक्त, औषधे व शस्त्रक्रियागृह किती अंतरावर आहे, हाच येथे निर्णायक मुद्दा असतो. दुर्गम भागात तर निवडीची भाषाच अपुरी पडते. महाराष्ट्राच्या आदिवासी जिल्ह्यांतील ‘माहेरघर’ योजनेत गर्भवतीला प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ मुक्कामाला आणले जाते, ते यासाठीच.

प्रशिक्षित मिडवाइफ अद्याप मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहेत. त्यामुळे बहुतेक कुटुंबांना रुग्णालय निवडतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतात : रात्री भूलतज्ज्ञ उपलब्ध असतो का, रक्ताची सोय कोठे आहे, एकूण प्रसूतींपैकी सिझेरियन किती होतात आणि कळांच्या वेळी जवळचे माणूस सोबत राहू शकते का. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास केंद्राने २०१६ मध्येच मुभा दिली आहे. ती मागण्याचा हक्क मात्र अनेकींना ठाऊकच नसतो.