मोसंबीची साल आणि चार वर्तुळं

कुंडलिकेपलीकडे, नवीन जालन्यात माझी भाची राहते. परवा वही पुढे करून ती म्हणाली, “मावशी, घनाची सगळी पृष्ठं चौरस असतात ना? मग माझ्या घनाची ही दोन वाकडी का?”

तिला खटकलं ते बरोबरच होतं. कागदाला लांबी-रुंदी असते, खोली नसते. ती तिसरी दिशा दाखवायला तिरपी रेघ ओढावी लागते आणि चौरसाचा समांतरभुज चौकोन होतो. शिवाय ६ पैकी ३ पृष्ठं, १२ पैकी ३ कडा आणि ८ पैकी एक शिरोबिंदू पाठीमागे दडतात. मुलं अडतात ती इथेच. दडलेला भाग मनात उभा करावा लागतो, आणि सूत्र घोकून तो उभा राहत नाही. वस्तू हातात घ्यावी लागते, कापावी लागते, सोलावी लागते.

जालन्यात त्यासाठी मोसंबीसारखी सोय नाही. आम्ही जमेल तेवढी गोल मोसंबी निवडली, बरोबर मधून आडवी कापली आणि अर्धी फोड वर्तमानपत्रावर पालथी ठेवून तिच्या कडेनं पेन्सिलीनं चार वर्तुळं काढली. मग दोन्ही फोडींची साल काढून नखाएवढे तुकडे केले. मोठा तुकडा सपाट बसत नाही, मध्ये फुगून राहतो. एकावर एक न चढवता, फट न ठेवता तुकडे लावत गेलो. पहिल्या फोडीत दोन वर्तुळं भरली. दुसरी संपली तेव्हा चौथ्या वर्तुळात थोडीशीच जागा उरली होती. भाचीची बोटं सालीच्या तेलानं चिकट झाली होती, पण तिला उठायचं नव्हतं.

गोलाचं पृष्ठफळ त्याच्या मधल्या वर्तुळाच्या चौपट असतं. आर्किमिडीजनं हे फार पूर्वी सिद्ध केलं होतं. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तही ते आहे, आणि तिथे पृष्ठफळाला चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिली आहे. मला ती उपमा फार आवडते. ती वाचली की चेंडू हातात आल्यासारखा वाटतो.

आता सालीच्या प्रत्येक तुकड्यापासून मोसंबीच्या केंद्रापर्यंत एकेक निमुळती सूची गेली आहे असं समजा. सूचीचं घनफळ म्हणजे तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले ३. इथे उंची म्हणजे गोलाची त्रिज्या आणि सगळे तळ मिळून चार वर्तुळं. त्यातूनच गोलाच्या घनफळाचं सूत्र निघतं: त्रिज्येचा घन गुणिले पाय, त्याचे चार तृतीयांश.

जालन्याची दुसरी ओळख लोखंडाची. इथल्या रोलिंग मिलमध्ये तापलेलं बिलेट दाबत दाबत त्याची सळई होते, म्हणजे इष्टिकाचितीची वृत्तचिती. १०० मिलिमीटर बाजूचं, ६ मीटर लांबीचं बिलेट घ्या. त्यापासून १२ मिलिमीटरची सळई काढली आणि काही वाया गेलं नाही असं धरलं, तर ती सुमारे ५३० मीटर भरते. आकार पार बदलतो, घनफळ तेवढंच राहतं. बांधकामावरची माणसं सळईचं वजन तोंडी काढतात: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. १२ च्या सळईला १४४ भागिले १६२, साधारण ०.८९ किलो. भाचीनं विचारलं, हा १६२ आला कुठून? वर्तुळाच्या क्षेत्रफळातला पाय भागिले ४ घ्यायचा, त्याला लोखंडाच्या घनतेनं, घनमीटरला ७,८५० किलोनं गुणायचं आणि मिलिमीटरचे मीटर करायचे. येतं ते १६२ नं भागल्याइतकंच.