सातापुढच्या दोन रेघा

बदलापूरला मांजर्लीत आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ परवा जुने वाटणीपत्र घेऊन आले. कागद त्यांच्या आजोबांच्या वेळचा, मोडीतला. सोबत पैसे मोजून कुणाकडून तरी करून घेतलेले देवनागरी लिप्यंतर, संगणकावर टंकलेले. त्यात आजोबांच्या वाट्याला 'गुंठे ७' आणि पुढे पूर्णविराम. मी मूळ कागद उन्हात धरला. सातापुढे दोन उभ्या रेघा होत्या.

बँकेत जन्म गेलेल्या माणसाची नजर आधी आकड्यावर जाते. जुन्या हिशेबात ७। म्हणजे सव्वासात, ७॥ म्हणजे साडेसात आणि ७॥। म्हणजे पावणेआठ. लिप्यंतर करणाऱ्याने त्या रेघांना दंड समजून वाक्य संपवले आणि अर्धा गुंठा गेला! अर्धा गुंठा म्हणजे सुमारे ५४४ चौरस फूट. मांजर्लीत तेवढ्यात एक बिऱ्हाड सुखाने नांदते.

त्याला तरी काय दोष द्यायचा? मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढी आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत सुटे. विरामचिन्हे जवळजवळ नाहीतच. स्वल्पविराम, अर्धविराम हे पाहुणे इंग्रजीतून आले. मेजर कँडी यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० चे. मोडीत उभी रेघ एकच, कामे मात्र अनेक. 'कि'पुढे दोन रेघा आल्या की किल्ले, आकड्यापुढे आल्या की अर्धा. वाचणाऱ्याला ते संदर्भाने उमगे.

यंत्राला संदर्भ कुठला? जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली दाखल झाली. त्यासाठीचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांचा. तिथे दंडाला एक क्रमांक, दुहेरी दंडाला दुसरा, संक्षेपाच्या खुणेला तिसरा. पाव, अर्धा, पाऊण यांची चिन्हे तर आधीच, २००९ साली, वेगळ्या तक्त्यात बसली होती. म्हणजे कळ दाबण्यापूर्वीच टंकणाऱ्याने ठरवायचे, की बाबा, ही रेघ कशाची? रक्कम नावे टाकायची की जमा, हे ठरवल्याशिवाय आमचेही लेजर पुढे सरकत नसे. मला ही सक्ती आवडली. फक्त ती पाळणाऱ्याला हिशेबाची मोडी यायला हवी.

मी लिप्यंतराच्या समासात 'साडेसात' असे अक्षरी लिहिले. चेकवर रक्कम अक्षरी का लिहायची, हे नव्या कारकुनांना मी असेच सांगत असे.

गृहस्थांनी कागद घडी करून पिशवीत ठेवले.

"त्या अर्ध्या गुंठ्यावर आता चुलतभावाचा जिना आहे हो," एवढेच म्हणाले.