दात काढणे
दात काढणे : किडलेला, खिळखिळा झालेला अथवा अन्य कारणाने राखता न येणारा दात जबड्याच्या हाडातील खोबणीतून अलग करण्याची शस्त्रक्रिया. खोलवर गेलेली कीड, हिरड्यांचे व आधार-हाडाचे रोग, आडवी अडकलेली अक्कलदाढ, अपघात आणि दात सरळ करण्यासाठी जागेची गरज ही तिची प्रमुख कारणे होत.

पूर्वतयारी : मधुमेह, हृदयविकार, गर्भारपण, औषधांची अधिहृषता (ॲलर्जी), तसेच रक्त पातळ करणारी व हाडांच्या विरळतेवरील औषधे यांची माहिती दंतवैद्यास आधी द्यावी लागते. रक्त पातळ करणारे औषध रुग्णाने स्वतः होऊन बंद करणे धोक्याचे असते. मुळांचा आकार व दिशा क्ष-किरण चित्रावरून कळतात.

बधिरीकरण : वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने दाताजवळ दिलेले बधिरक औषध आत झिरपते. खालच्या दाढांभोवतीचे हाड घट्ट असल्याने जबड्याच्या मागील भागात तंत्रिकेजवळच अंतःक्षेपण (इंजेक्शन) करतात. त्यामुळे त्या बाजूचा ओठही बधिर होतो. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेले लिडोकेन हे बधिरक आजही प्रचारात आहे.

कृती : दात उपटला जातो, ही समजूत बरोबर नाही. दात व हाड यांना जोडणारे तंतू तरफेसारख्या उपकरणाने सैल करतात व दात चिमट्याने सावकाश हलवून खोबण रुंदावतात. मग तो सुटून येतो. या वेळी दाब व हिसके जाणवतात, तीव्र वेदना मात्र होऊ नये. झाल्यास तसे लगेच सांगावे. औषध पुन्हा देता येते. अडकलेल्या दाढेसाठी हिरडीला छेद देऊन थोडे हाड काढावे लागते.

नंतरची काळजी : खोबणीत साकळलेली रक्ताची गुठळी हेच जखमेचे नैसर्गिक आवरण होय. ती टिकावी म्हणून जाळीदार कापडाची घडी अर्धा ते पाऊण तास दाबून धरतात. पहिले २४ तास जोराने चुळा भरणे, थुंकणे व नळीने पेय ओढणे टाळावे. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात. विडी, तंबाखू व मिश्री काही दिवस वर्ज्य करावी. गुठळी निघून गेल्यास हाड उघडे पडते आणि दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. अशा वेळी खोबण धुऊन औषधी पट्टी भरतात. न थांबणारा रक्तस्राव, वाढती सूज, ताप अथवा गिळण्यास त्रास झाल्यास त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. एरवी हिरडी काही आठवड्यांत जुळते. हाड भरून येण्यास काही महिने लागतात.

वरचा दात काढल्याने दृष्टी मंदावते, हा समज निराधार आहे. दातांच्या संवेदना पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या शाखांमार्फत जातात, तर दृष्टी दुसऱ्या तंत्रिकेवर अवलंबून असते. उलट या भीतीने उपचार लांबविल्यास दातातील पू चेहऱ्याच्या व मानेच्या ऊतकांत पसरून जिवावर बेतू शकते.