पाण्याखालच्या गावांचे दफ्तर

लालबाग, परळ, काळाचौकी आणि शिवडी या भागांत गिरण्यांचे भोंगे जेव्हा तिन्ही पाळ्यांना वाजत असत, तेव्हा त्या पाळ्यांवर उभे राहणाऱ्या कामगारांत सातारा जिल्ह्याच्या जावळी व पाटण या डोंगरी तालुक्यांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. आणि कोयनाकाठचे वडिलोपार्जित घर व नाचणी-वरीची जमीन एका बाजूस आणि चाळीतल्या गावकीच्या खोलीत ट्रंक, वळकटी व भिंतीवरची ग्रामदैवताची तसबीर दुसऱ्या बाजूस, अशा दोन ठिकाणी त्यांचा संसार विभागलेला असे. १९६० च्या आगेमागे कोयनेवर धरण उभे राहिले, शंभराच्या आसपास गावे शिवसागर जलाशयाच्या पोटात गेली आणि साच्यावरून उतरून शिमग्याला वा गावच्या जत्रेला ज्या उंबऱ्याशी जायचे तो उंबराच पुष्कळांना उरला नाही. त्यापूर्वी चाळीस वर्षे मुळशीच्या खोऱ्यात हेच घडले होते. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह १९२१ ते १९२४ या काळात ज्या धरणाविरुद्ध झाला, त्याच्या पाण्यापासून होणारी वीज मुंबईसाठीच होती. या शहराच्या उजेडाचे आणि सह्याद्रीतील बुडालेल्या गावठाणांचे नाते असे जुने आहे.

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात हवेची टाकी पाठीवर बांधून खाली उतरण्याची हौस आता महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. तेव्हा तीच विद्या घेऊन शिवसागराच्या तळाशी जाता येईल काय आणि तेथे काय दिसेल, हा प्रश्न कोणाही जिज्ञासूच्या मनात येणे स्वाभाविक आहे. चीनमध्ये १९५९ साली शिनआन नदीवरील धरणाखाली गेलेले शीचंग हे प्राचीन नगर विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर पाणबुड्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा त्याच्या वेशी, कोरीव कमानी आणि काही लाकूडकामही बऱ्याच अंशी शाबूत आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे. समुद्रात लाकूड पोखरणारा जो किडा असतो तो गोड्या पाण्यात नसतो. तळाशी प्राणवायू थोडा, प्रकाश जवळजवळ नाही, आणि लाटांची झोड तेथवर पोहोचत नाही.

परंतु शीचंगची तुलना कोयनेशी सरसकट करता येणार नाही. शिवसागराची पातळी पावसाळ्याच्या अखेरीस ६५९ मीटरपर्यंत चढते आणि वैशाख-ज्येष्ठात पुष्कळ खाली येते. म्हणून वरच्या अंगाची गावठाणे दर वर्षी भिजतात, सुकतात, तडकतात आणि पुन्हा भिजतात. या आवर्तनाइतका बांधकामाचा दुसरा कोणी शत्रू नाही. मातीच्या भिंती पहिल्या दोन-चार पावसाळ्यांतच विरघळल्या असणार, आणि वासे, तुळया, दारे, कौले व देवाच्या मूर्ती हे सर्व लोकांनी उठतानाच बरोबर नेण्याची आपल्याकडे रीत आहे. राहते ते दगडाचे: घरांची जोती, विहिरीचा कठडा, देवळाचा चौथरा, पाणवठ्याच्या पायऱ्या. जी गावे मृतसाठ्याच्या पातळीखाली, म्हणजे कधीच उघडी न पडणाऱ्या भागात आहेत, तेथे अधिक काही टिकले असण्याचा संभव आहे. मात्र त्यांवर साठ वर्षांचा गाळही बसला आहे.

तेथे उतरणाऱ्याला समुद्रातील अनुभव पुरत नाही. गोडे पाणी समुद्राहून सुमारे अडीच टक्के हलके असल्यामुळे कमरेचे शिसे कमी करावे लागते. ६५९ मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सात-साडेसात टक्के कमी असतो. त्यामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना अधिक सहज बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू पाहतो, आणि खाली किती वेळ राहावे व किती सावकाश वर यावे यांची समुद्रासाठी केलेली कोष्टके येथे जशीच्या तशी वापरणे धोक्याचे ठरते. धरण पायापासून १०३ मीटर उंच. भिंतीकडील भागाची खोली हौशी माणसाच्या ४० मीटरांच्या मर्यादेपलीकडची आहे, आणि वीजगृहाकडे पाणी ओढणाऱ्या बोगद्यांच्या तोंडाजवळ तर कोणीही फिरकू नये.

आठ-दहा मीटरांवर हिरवा उजेड तपकिरी होतो, आणखी खाली विजेरीच्या झोतात तरंगते कण तेवढे दिसतात. तळापासून हातभर वर, पाय गुडघ्यात मागे दुमडून, बेडकासारखे पाण्याला रेटीत पुढे सरकायचे. पायाचा पंख एकदा जरी गाळाला लागला तरी असा लोट उठतो की स्वतःच्या मनगटावरील दाबमापक वाचता येत नाही, आणि मग परतीचा मार्ग म्हणजे हातातील रिळाचा दोर एवढाच. वठलेल्या झाडांच्या फांद्यांत अडकलेली मच्छिमारांची जुनी नायलॉनची जाळी हा याहून मोठा धोका. ती कापण्यासाठी प्रत्येकाजवळ सुरी असावीच लागते.

एवढे सायास करून खाली गेलेल्या मनुष्यास समोरचे चौकोनी जोते कोणाच्या घराचे, हे कोण सांगणार? माझे स्पष्ट मत असे आहे की, शिवसागरात पाणबुड्यांनी उतरावे ते प्रथम मोजणीसाठी, सहलीसाठी नंतर. डॉ. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मंडळींनी भिंतींचे अवशेष शोधून त्यांची नोंद केली, त्या जातीचे हे काम आहे. जलसंपदा खात्याची परवानगी लागेल, आणि जलाशयाचा परिसर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाशी निगडित असल्याने वनखात्याचीही.

मोजणीला आधार लागतो तो कागदाचा. मौजेवार गावनकाशे, सातबारे, फेरफार आणि भूसंपादनाचे निवाडे सरकारी दफ्तरात असतात. पण कोणत्या वाडीत कोण राहत असे, देवळाकडची पाऊलवाट कोठून जात असे आणि पाणवठ्याला काय म्हणत, हे कोणत्याही तलाठ्याने लिहून ठेवलेले नाही. ते ठाऊक असलेली माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली, कारण पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ साली झाला आणि कोयनेची गावे त्याच्या कितीतरी आधी उठली होती. त्यांच्यातील पुष्कळांना जोडणारा धागा मुंबईतच आहे: गिरणगावातील ग्रामस्थ मंडळे, त्यांची वर्गणीची पुस्तके आणि वार्षिक पूजेला जमणारी कुटुंबे.

या मंडळांना माझी विनंती आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाच्या नकाशाची प्रत मिळवा, ती मोठी करून पूजेच्या दिवशी वडीलधाऱ्यांपुढे पसरा, आणि ते जे जे बोट ठेवून सांगतील ते त्या त्या जागी लिहून घ्या. पाणी गावात शिरले तेव्हा वीस वर्षांचा असलेला मनुष्य आज ऐंशीच्या पुढे आहे.