प्रोसेसर कोणत्या पिढीचा घ्यावा?

संगणकावर खेळणारी मुले ज्या घरी आहेत, तेथे दोन-तीन वर्षांनी एक प्रश्न हटकून उभा राहतो. खेळ अडखळू लागतो, नव्या पिढीचा प्रोसेसर बाजारात आलेला असतो, आणि जुने सारे काढून टाकावे असे मुलांस वाटू लागते. पैसा बहुधा वडिलांच्या खिशातून जातो. म्हणून हा विचार घरच्यांनी मिळून करावा, हे बरे.

पिढीचा आकडा वाढला म्हणजे यंत्र सुधारलेच, असे मुळीच नाही. इंटेलचा तेराव्या पिढीचा कोअर आय-५ १३४०० आणि चौदाव्या पिढीचा १४४०० हे शेजारी ठेवून पाहावेत. दोहोंत कोर दहाच, सहा मोठे व चार लहान. कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्‌झचा ४.७ झाला. एवढ्यासाठी अधिक दाम मोजावे असे आम्हांस वाटत नाही. उलट एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स हा २०२० सालचा. त्याच पिढीचा ५८००एक्स३डी एप्रिल २०२२ मध्ये आला. कोर आठच, कमाल वेग तर ४.७ वरून ४.५ वर उतरलेला. परंतु कॅश ३२ मेगाबाइटची ९६ झाली, आणि खेळांत बहुधा हाच सरस ठरला. कारण खेळ चालू असता प्रोसेसरला तीच ती माहिती पुनःपुन्हा लागते. ती हाताशीच सापडली तर रॅमपर्यंत खेप घालावी लागत नाही.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाकडे रायझन ५ १६००, बी४५० मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम असलेला संगणक आहे. दुकानदाराने त्यास एएम५ सॉकेटचा नवा संच सुचविला. २०२२ साली आलेले हे सॉकेट केवळ डीडीआर५ रॅम घेते. म्हणजे प्रोसेसरबरोबर बोर्ड व रॅमही नवीच. वर्षभराची शिल्लक त्यात गेली असती, आणि धाकट्या बहिणीची कॉलेजची फी जूनमध्ये भरावयाची होती. वडील काही बोलले नाहीत. पण त्यांचे न बोलणे आम्हांस पुरेसे कळले.

आम्ही त्यास प्रथम एक परीक्षा करावयास सांगितली. खेळाचे रिझोल्यूशन उतरवावे. फ्रेम वाढल्या तर उणीव ग्राफिक्स कार्डाची. फारशा वाढल्या नाहीत तर प्रोसेसरची. त्याच्या फ्रेम जागच्या हलल्या नाहीत. मग मार्ग सोपा होता: बायोस अद्ययावत केल्यावर बी४५० बोर्ड रायझन ५००० मालिका स्वीकारतो. रायझन ५ ५६०० चे कोर जुन्याइतकेच सहा, परंतु प्रत्येक कितीतरी चपळ. विजेची मर्यादाही तीच, ६५ वॅट. रॅम, बोर्ड, वीजपुरवठा सारे जागीच राहिले.

मात्र बायोसचे काम जुना प्रोसेसर बसलेला असतानाच उरकावे, अन्यथा नवा बसवूनही पडदा काळाच राहील. तसेच एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. थंड यंत्रातून कूलर सरळ ओढला तर प्रोसेसर चिकटून बाहेर येतो व पिना वाकतात. यंत्र थोडा वेळ चालवून, मग बंद करून, कूलर हलकेच पिळून काढावा.

इंटेलच्या घरी अधिक सावध असावे. २०१७ साली आठवी पिढी आली, तेव्हा सॉकेटचे नाव ११५१ हेच असूनही सातव्या पिढीच्या बोर्डात ती चालली नाही. बारावी, तेरावी व चौदावी यांचे सॉकेट १७०० हे एकच. बोर्ड मात्र डीडीआर४ चा की डीडीआर५ चा ते पाहून घ्यावे. ज्याचा बोर्ड फारच जुना आहे, त्याने खुशाल नवा संच घ्यावा. तेथे डागडुजीत अर्थ नाही.

कोणी वापरलेला तेराव्या वा चौदाव्या पिढीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर स्वस्तात देऊ केला, तर तो कोणत्या बायोसवर किती काळ चालला हे आधी विचारावे. अवाजवी व्होल्टेजमुळे त्यांपैकी काही बिघडल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले व सुधारित मायक्रोकोड दिला. तो पुढील हानी टाळतो; झालेली हानी भरून काढीत नाही.