ट्राउट नेमका कुठल्या ओढ्यात असतो?

कुलू-मनालीला गेलेल्या मराठी पर्यटकाच्या ताटात ट्राउट ‘हिमालयातला मासा’ म्हणून वाढला जातो. खरं तर तो तिथला नव्हेच. ब्राउन ट्राउटची ब्रिटनमधून आणलेली अंडी 1900 च्या सुमारास काश्मीरमध्ये जगली आणि 1909 मध्ये काश्मीरमधून हा मासा कुलू खोऱ्यात सोडला गेला. ताटात बहुधा येतो तो रेनबो ट्राउट. तो मूळचा उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याकडचा, आणि इथे सिमेंटच्या हौदांत वाढवलेला. हिमालयाचा खरा रहिवासी म्हणजे असेला. त्याला ‘स्नो ट्राउट’ म्हणतात खरे, पण तो रोहू-कटल्याच्याच कुळातला. परक्या ट्राउटने या असेल्याची जागा आणि खाणं बळकावलं, हेही सांगायला हवं.

हा इतिहास गळ टाकणाऱ्याच्या कामाचा आहे. मासा सोडलेला असेल, तर तो सोडला तिथे किंवा तिथून पोहत जाता येईल तिथेच सापडणार. वाटेत उंच धबधबा असेल, तर त्याच्या वरचं पाणी कितीही सुंदर असो, तिथे कुणी मुद्दाम मासा सोडला नसेल तर ट्राउट नाही.

‘पाणी नितळ आणि थंडगार लागलं की ट्राउट असणारच’ हा सर्वांत पक्का गैरसमज. हाताला थंड लागणं आणि माशाला थंड असणं यांत फरक आहे. ट्राउटला साधारण 10 ते 16 अंश सेल्सियस पाणी मानवतं. 20 च्या वर त्याचं खाणं मंदावतं आणि 25 च्या आसपास जिवावर बेततं, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. म्हणून ओढा पारखायचा तो मे-जूनच्या दुपारी, साधा थर्मामीटर बुडवून. जानेवारीत सगळेच ओढे थंड असतात.

‘मग आपल्या सह्याद्रीत का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. नीलगिरीत, अ‍ॅव्हलांचच्या परिसरात, इंग्रजांनी सोडलेला रेनबो टिकला. पण ते ओढे दोन हजार मीटरच्या आसपास आहेत. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटरचं, आणि आपले बहुतेक ओढे उन्हाळ्यात डबक्यांवर येतात. महाबळेश्वरच्या गारव्यावर जाऊ नये.

नकाशा मात्र खूप काही सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर पाणी असलेला प्रवाह निळा, कोरडा पडणारा काळा. म्हणजे निळी रेघ धरायची आणि तिला छेदणाऱ्या समोच्च रेषा पाहायच्या. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा किंवा धबधबा. मध्येच त्या विरळ झाल्या की तिथे ओढा सपाटीवर येतो, डोह करतो. मासा तिथे थांबतो. रस्त्यापासून तासभर चालायला लागणारी अशी जागा सापडली, तर माझ्या मते ती रस्त्याकाठच्या नावाजलेल्या डोहापेक्षा बरी.

‘मोठी नदी तिथे मासा, नाल्यात काय मिळणार?’ हे अर्धंच खरं. नाल्यातला ट्राउट लहान असतो. वीतभर लांबीचा मासाही पूर्ण वाढलेला असू शकतो. पण उन्हाळ्यात हिमनदीचा गाळ येऊन बियास, पार्वती राखाडी होतात तेव्हा गळाला लावलेलं आमिष माशाला दिसतच नाही. अशा वेळी बाजूचे नाले स्वच्छ असतात. तीर्थन खोऱ्यात गुशैनीला येऊन मिळणारी फलाचन किंवा बरोटला उहल नदीला मिळणारी लंबाडग, असे छोटे प्रवाह शोधायचे ते यासाठी. ट्राउटचं तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला असतं. अरुंद ओढ्यात वरून खाली चालत गेलात तर तुम्हाला मासा दिसण्याआधी तुम्ही त्याला दिसता. खालून वर चढत जावं, आणि सावली पाण्यावर पडू देऊ नये.

राहिला ‘ओढा काय कुणाच्या मालकीचा?’ हा युक्तिवाद. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात गरवायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, कारण थंडीत ब्राउन ट्राउट वाळू-गोट्यांत अंडी घालतो आणि त्यासाठी नेमक्या याच लहान नाल्यांत शिरतो. तीर्थनचा वरचा भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथे पाऊल टाकायलाच वेगळी परवानगी लागते. आधी परवाना काढून घ्यावा, मग गळ बांधावा.